मागं राहिलेला भालेवाला

पालमच्या स्टँडसमोर ओळखीच्या एका काकांचं झेरॉक्सचं दुकान. घरी मेंढरं, अन् दुकानातल्या कंप्युटरवर राक्षस मारायचा जुनाट गेम. चित्रं ओबडधोबड, पण तलवार फिरली की ते खुर्चीतून अर्धे उठतात. गेममधला त्यांचा सोबती, भालेवाला, मात्र ठार बावळट. कुठंही अडकतो.

काल शेवटचा राक्षस मरायला टेकला अन् भालेवाला मागं विहिरीपाशी अडकला. काका त्याला आणायला परत फिरले.

"अहो, आधी राक्षस मारा की!" एसटीची वाट बघत शेजारी उभा असलेला मी ओरडलो.

"येडं हाय सर, पण आपल्यासंगं आलंय न्हवं?" म्हणत त्यांनी मेंढरांना घालतात तशी पडद्याकडं बघून शीळ घातली.

भालेवाला खरंच निघाला! राक्षस तोवर ताजातवाना झाला होता, माझी सोनपेठची एसटीही गेली होती. मी स्टूल ओढलं. पुढच्या वेळी भालेवाला अडकला, तेव्हा शीळ मीच घातली.