हराळीची लागवड

शेवाळाचं औषध मागायला मी वाशिमकडच्या मालेगावच्या एका कृषी केंद्रात गेले, तेव्हा दुकानदाराने आधी विचारलं, किती एकर? म्हटलं, अर्धा गुंठा. पीक कोणतं? लॉन. त्याने मागच्या फळ्यांवर नजर फिरवली आणि गवत मारायची चार-पाच औषधं माझ्यापुढे मांडली. मी सांगितलं, बापा, गवत मारायचं नाही, वाचवायचं आहे. मारायचं ते शेवाळ. तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. गवत वाचवायला आलेलं गिऱ्हाईक त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. शेवटी म्हणाला, मॅडम, घरात कोणी मोठं माणूस असंल तर त्याहिले पाठवा. मी त्रेपन्न वर्षांची, शाळेची मुख्याध्यापिका. आणि घरातलं मोठं माणूस तीन महिन्यांपासून खुर्चीतून उठत नव्हतं, म्हणून तर मी इथे उभी होते.

मोठं माणूस म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर शिरपूरकडचं शेत बटईने, निम्म्या वाट्याने, देऊन मी त्यांना माझ्याकडे आणलं. माझं घर आधी कुण्या साहेबांचं होतं. त्यांनी समोर हौसेने लॉन केलं, बदली झाली, घर विकून गेले. लॉनकडे बघायला मला सवड कुठली? वरच्या टाकीचं पाणी ओघळत राहिलं, कडुनिंबाची सावली होतीच, आणि निम्म्या लॉनवर शेवाळ चढलं. उरलेल्या निम्म्यात हराळी माजली. श्रावणात बाबा तिथे पडले. मांडीचं हाड मोडलं, अकोल्याला ऑपरेशन झालं, आत रॉड बसला.

शेवाळावरून घसरून पडले, असं मी म्हणायचे. बाबांना ते नाव ऐकूनच राग यायचा. साठ वर्षं चिखलात चाललेला माणूस शेवाळाने पडेल काय, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या मते हराळीची एक काशी, म्हणजे तिचं ते जमिनीवर सरपटणारं मूळ, पायात अडकली. बघणारं कोणी नव्हतं, त्यामुळे हा वाद मिटणं शक्यच नव्हतं. पण साठ वर्षं त्यांनी शेतात हराळीशी वैर केलं होतं. आता म्हातारपणी लेकीच्या दारात तिने डाव साधला, अशी त्यांची पक्की समजूत.

डॉक्टर म्हणाले, हाड जुळलं, आता चालवा. पण बाबा चालेनात. वॉकरवर माझा टॉवेल वाळत पडायचा. सकाळी मी त्यांना व्हरांड्यातल्या खुर्चीत बसवायचे आणि संध्याकाळी तिथूनच उचलून आत न्यायचे. पाय आता माझा नाही, म्हणायचे. बोलणंही कमी होत गेलं. आईही अशीच आधी गप्प झाली होती आणि मग चार महिन्यांत गेली. डॉक्टरांनी सुचवलं, पडले तीच जागा मऊ, कोरडी करा आणि तिथे चालवा, म्हणजे भीती जाईल. म्हणून मला लॉन पाहिजे होतं. नाहीतर मला कशाला ही थेरं सुचतात.

मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. त्यात एक गोरा माणूस गुडघ्यावर बसून शेवाळाशी फार मायेने बोलत होता. त्याच्या मागे बर्फ होता. मी मोबाइल बंद केला आणि दिवाळीच्या सुट्टीत निंदणाच्या, तण काढणाऱ्या चार बाया सांगितल्या. सोयाबीन निघालं होतं, बाया मोकळ्या होत्या. त्यांच्यात जी जाणती होती, तिला मी दोनदा समजावलं: गवत ठेवायचं, शेवाळ तेवढं काढायचं. तिने दोन्ही वेळा मान हलवली. मी वाशिमला मीटिंगला गेले. सुट्टीतही मीटिंग असते, त्यावर मी बोलत नाही, बोलले तर थांबणार नाही.

चार वाजता परत आले तर फाटकातच पाय अडखळला. हराळीची एक कांडी जमिनीत शिल्लक नव्हती. काळी माती खुरप्याने अशी भुसभुशीत केलेली की उद्या हरभरा पेरावा. शेवाळ मात्र जसंच्या तसं होतं. त्याच्याभोवती आळं करून वर पाणीही शिंपडलं होतं. सगळं लॉन रस्त्यावर ढीग होऊन पडलं होतं आणि शेजाऱ्यांची बकरी ते खात होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाणती शांतपणे हात धूत होती. म्हणाली, मॅडम, तुमी शाळेतल्या, तुमच्याकडून उलटं बोलल्या गेलं असंल असं आमाले वाटलं. गवत ठेव असं आजपर्यंत कोणी मालकाने सांगितलं नाही. तरी आम्ही तुमच्या बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, तिले काय समजते, काढा.

नुसतं म्हणाले नाहीत. खुर्चीत बसून दिवसभर त्यांनी कामावर नजर ठेवली होती. तिकडची काशी राहिली, खोल खणा, तुटली तर परत फुटते, असं सारखं चालू. दुपारी बायांबरोबर चटणी-भाकरही खाल्ली. तीन महिन्यांत बोलले नसतील एवढं त्या एका दिवसात बोलले होते. मी ते ऐकलं, पण तेव्हा माझं डोकं इतकं सणकलं होतं की त्याचा अर्थ लावायला मी थांबले नाही. मी त्यांना एवढंच म्हटलं, बाबा, तुमच्यासाठी करून राह्यली ना मी हे सारं. ते मोकळ्या जमिनीकडे बघून समाधानाने हसले.

पण मीही त्यांचीच लेक. दुसऱ्या दिवशी स्वतः विळा घेऊन शेवाळ खरवडलं, टाकीचा पाइप बदलला, कडुनिंबाच्या दोन फांद्या उतरवल्या. मग ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे जाऊन धुऱ्यावरची, शेताच्या बांधावरची, दोन पोती हराळी मागितली, मुळासकट. तो म्हणाला, एवढ्या दूर्वा? गणपती किती बसवले? आमच्या घरात गणपती बसत नाही हे त्याला चांगलं माहीत. लावायची आहे, म्हटल्यावर त्याने बायकोला हाक मारून बोलावलं आणि मला पुन्हा सांगायला लावलं. मग दोघांनी मिळून माझी पोती भरून दिली. ती बाई मला फाटकापर्यंत सोडायला आली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, बाई, तब्येतीले जप.

मी ओळी पाडून हराळी लावली. शेणखत घातलं, झारीने पाणी दिलं. बाबा खुर्चीतून बघत होते. घरात चोर शिरावा आणि पोटच्या पोरीने त्याला जेवायला वाढावं, असा त्यांचा चेहरा झाला होता. दोन दिवस त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कणीक मळत होते. बाहेर कसलासा आवाज आला. जाऊन बघते तर खुर्ची रिकामी. माझा टॉवेल जमिनीवर पडलेला. व्हरांड्याच्या तीन पायऱ्या उतरून बाबा खाली गेले होते, वॉकर एका हाताने धरून उभे होते आणि दुसऱ्या हातातल्या काठीने पहिल्या ओळीतली हराळी उकरून काढत होते. एक पाऊल टाकायचे, एक कांडी उपटायचे, शिवी द्यायचे, परत एक पाऊल. मी पिठाचे हात तसेच घेऊन दाराआड उभी राहिले आणि रडले. आवाज येऊ नये म्हणून पदर तोंडात धरला.

पहिली ओळ संपवून ते परत खुर्चीत येऊन बसले. दुसऱ्या दिवशी दुसरी ओळ गेली. आठवड्यात सगळं लॉन गेलं. रविवारी मी त्याच शेतकऱ्याकडे परत गेले. या वेळी त्याने काही विचारलं नाही, पोती भरूनच ठेवली होती.

मी परत ओळी पाडायला बसले तेव्हा बाबा जवळ येऊन उभे राहिले. हातात फक्त काठी होती. मला वाटलं, आता रागावतील. ते माझ्या हातातल्या मुळांकडे बघत होते.

“मले मालूम हाये, तू हे कायले लावते,” ते म्हणाले. “इथं जवळ नको लावू आता. तिकडं फाटकापाशी लावजो.”

मी टोपली उचलली आणि फाटकाकडे गेले. ते माझ्या मागून चालत आले.