हातोडा कोणी मारला

पुष्कळांच्या विरोधात पत्रकं लिहिली मी. ठेकेदार, जिनिंगवाले, रेशन दुकानदार, आमच्याच संघटनेतून फुटून गेलेले — कोणालाच सोडलं नाही. स्वतःच्या विरोधात मात्र एक ओळ नाही. हे जे आता सांगणार आहे ते आईला माहीत नाही, संघटनेच्या वानखडे सरांना माहीत नाही. ते बोलून दाखवणारा माणूस एकच, आणि त्याचं कोणी ऐकलं नाही. का ऐकलं नाही? तेच तर सांगायचंय.

पण सरळ सांगता येत नाही. पत्रकात आरोप पहिल्या ओळीत असतो, इथे पेन भलतीकडेच जातो.

आर्णीत आमच्या संघटनेचं ऑफिस म्हणजे एक खोली, एक सतरंजी आणि एक कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरात कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्या बायांच्या जबान्या होत्या. कोणाची बोटं मशीनमध्ये गेली, कोणाला मालकानं दवाखान्याच्या दारात सोडून गाडी फिरवली — सगळं त्यांच्याच तोंडून, व्हिडिओवर. गावोगाव फिरून मीच घेतल्या होत्या. कामगार अधिकाऱ्यासमोर सुनावणी होती. आणि ऐन वेळेला कॉम्प्युटर आतून टकटक वाजायला लागला.

बाजार ओळीत सलीमभाईचं दुकान होतं. तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि मी दिसले की, "काय लीडर, आज कोणाचा नंबर?" हार्ड डिस्क मरून राह्यली, म्हणाला. आधी आतला माल बाहेर काढू, दुसऱ्या मशीनवर उघडून पाहू, मग नवी डिस्क टाकू आणि माल परत भरू. माल काढायचं काम मीच करून देतो, असंही म्हणाला.

मी नाही म्हटलं. का? कारण त्याच्या टेबलावर जिनिंगवाल्याचंही मशीन दुरुस्तीला पडलं होतं. आमचा पुरावा त्याच्या हाती कसा द्यायचा? हे मी त्याच्या तोंडावर म्हटलं. तो हसला. मला ते हसू आवडलं नाही.

मग मीच कॉपी केलं. ऑफिसात, पुढच्या मोर्चाचं पत्रक लिहिता लिहिता. आमच्याकडे एक पद्धत होती — वानखडे सर निवृत्त मास्तर, त्यांना आतले कप्पे उघडता येत नसत, म्हणून सगळ्या फोल्डरच्या खुणा, म्हणजे शॉर्टकट, समोरच्या पडद्यावर काढून ठेवल्या होत्या. खुणेच्या कोपऱ्यात बारीक बाण असतो. बाण म्हणजे माल इथे नाही, दुसरीकडे आहे. ही नुसती पाटी. आम्ही सगळे वर्षानुवर्षं पाटीलाच घर समजत होतो. मी त्या सगळ्या खुणा पेन ड्राइव्हवर ओढल्या. पापणी लवायच्या आत काम झालं. एवढे तासन् तास व्हिडिओ, आणि पापणी लवायच्या आत? मला शंका यायला नको? उलट मी सरांना म्हटलं, पेन ड्राइव्ह भारी निघाला.

मशीन घेऊन दुकानात गेले तर सलीमभाईनं विचारलं, "लीडर, सारं घेतलं काय? उघडून पाह्यलं काय?"

हो म्हटलं. पाहिलं नव्हतं.

इथे थांबले असते तर ही नुसती चूक राहिली असती. पण मी तर जागरूक कार्यकर्ती — जुनी डिस्क अशी कोणाच्या दुकानात पडू देते का? उद्या जिनिंगवाल्याच्या हाती लागली तर? त्यानं डिस्क काढून माझ्या हातात दिली, आणि मी शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून हातोडा मागून घेतला. सलीमभाई म्हणाला, आजच्या दिवस राहू द्या, नवीन मशीन चालू झालं की खुशाल फोडा. मी ऐकलं नाही. दुकानाच्या पायरीवर ठेवली आणि फोडली. आतली चकती चुरा होईस्तोवर. खरं सांगू? मजा आली.

नवी डिस्क बसली, विंडोज चढलं, मी ऑफिसात येऊन पेन ड्राइव्ह लावला. प्रत्येक खूण दाबली. प्रत्येक वेळी तेच उत्तर — मूळ फाइल सापडत नाही. सर मागे उभे होते. सुनावणी तोंडावर होती. सरांनी फक्त विचारलं, "कुठे गेलं बाई सगळं?"

आणि माझ्या तोंडून निघालं — दुकानात पुसलं गेलं.

एवढंच. पण मला पत्रकं लिहायची सवय. बाकीचं आपोआप जुळत गेलं — जिनिंगवाल्याचं मशीन त्याच टेबलावर, पुरावा गायब, ऐन सुनावणीच्या आधी. "बायांचा आवाज कोणी पुसला?" हे माझं शीर्षक, पत्रक पिवळ्या कागदावर छापलं. दुकानाचं नाव घातलं नाही. बाजार ओळीतलं कॉम्प्युटरचं दुकान, एवढंच घातलं. अशी दुकानं तिथे किती होती? एकच.

बाजाराच्या दिवशी आम्ही त्याच्या दारात जमलो. बाया होत्या, सर होते, बघे होते. सलीमभाई बाहेर आला. तेव्हाही चिडला नव्हता. त्याला वाटलं, गैरसमज आहे, आता मिटेल. माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "डिस्क तर लीडरनंच फोडली ना, याच पायरीवर. विचारा तिले."

सगळे माझ्याकडे वळले. गर्दीतून कोणी तरी हसून म्हणालं, "आपला पुरावा आपणच फोडते काय कोणी?"

वेल्डिंगचं दुकान त्या दिवशी बंद होतं. मी पाहून घेतलं होतं.

"मी कायले फोडीन?" मी म्हटलं.

हे वाक्य खोटं नाही, हा नुसता प्रश्न आहे — अशी समजूत मी स्वतःची कितीदा घातली! सलीमभाई म्हणाला, "बरं, ताई." त्यानंतर त्यानं मला लीडर म्हटलं नाही.

बायांनी जबान्या पुन्हा दिल्या. त्यांचं काय अडणार होतं? खरं होतं ते, पुन्हा सांगता आलं. सलीमभाईकडून मात्र आधी शाळेचं काम गेलं, मग कॉलेजचं. मग माझ्या पत्रकाचा फोटो मोबाइलवर फिरायला लागला, आणि त्या फोटोच्या डोक्यावर कोणी तरी एक ओळ टाकली होती — "ही जात अशीच." ती ओळ माझी नाही. पण तिच्याखालचा सगळा मजकूर माझा. असल्या ओळींविरुद्ध आमची संघटना पत्रकं वाटते. त्यातलं एक मीच लिहिलेलं आहे. त्याचं लोक कौतुक करतात, आणि मी ऐकून घेते.

त्यानं शटर खाली ओढलं ते वर केलं नाही. आता दिग्रसला सासऱ्याच्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकतो. मध्यंतरी तिथल्या स्टँडवर समोरासमोर आलो. "कशा आहात ताई?" म्हणाला. बरी आहे म्हटलं. गाडी लागली, मी चढले. खिडकी मिळाली होती. मी बाहेर पाहिलं नाही.

आता माझ्याच विरोधातल्या पत्रकाचा मजकूर तयार आहे. त्याच छापखान्यात, त्याच पिवळ्या कागदावर. सरांना छापायच्या आधी वाचून दाखवणार आहे. शेवटी माफीची ओळ होती, ती काढली. माफी मागणं म्हणजे त्याच्याकडून आणखी काही मागणंच झालं. बाजाराच्या दिवशी त्या पायरीवर उभी राहून वाटीन. दिग्रसलाही. खाली संघटनेचं नाव नाही, माझं आहे.

सलीमभाईनं काही पुसलं नाही. पेन ड्राइव्ह मी उघडून पाहिला नाही. हातोडा मी मारला.