डर्बीचे तीन दावेदार आणि मांडवीचे दोन पंच

रत्नागिरीला माणसं आंब्यासाठी जातात, समुद्रासाठी जातात, नाहीतर कुणाच्या तरी कार्याला जातात. मी यंदा घोड्यांसाठी गेले. रत्नागिरीत शर्यतीचे घोडे नसतात हे मला ठाऊक आहे, त्यामुळे कृपया तसं कळवू नये.

झालं असं की जानेवारी संपता संपता दिनूमामाचा फोन आला. दिनूमामा हा माझ्या आईचा धाकटा भाऊ. वय चौऱ्याहत्तर, मुक्काम रत्नागिरीतली मांडवी. मुंबईत एकतीस वर्षं तो घोड्यांच्या एका डॉक्टरांकडे मदतनीस होता. त्यांची औषधांची पेटी उचलायची, घोड्यांच्या पायांना पट्ट्या बांधायच्या आणि डॉक्टर बोलत असताना गप्प उभं राहायचं, असं तो स्वतःच त्या नोकरीचं वर्णन करतो. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मुंबईत डर्बी असते. चार वर्षांच्या घोड्यांची ही सगळ्यात मानाची शर्यत, अंतर चोवीसशे मीटर, आणि घोड्याला ती आयुष्यात एकदाच पळता येते. तिच्या आधीचा आठवडा मामा पेपरची कात्रणं पसरून घोडे जोखत बसतो. पैसे मात्र लावत नाही. आणि खरी गंमत म्हणजे शर्यतही बघत नाही. रविवारी दुपारी टीव्हीकडे पाठ फिरवून जेटीवर जाऊन बसतो आणि निकाल सोमवारच्या पेपरात वाचतो. आई म्हणायची, आमचा दिनू म्हणजे लग्न जमवून देणारा आणि पंगतीला न बसणारा माणूस.

यंदा त्याला कात्रणं पुरत नव्हती. माझ्या ऑफिसातला शिरीष केबलवरच्या शर्यती सीडीवर उतरवून ठेवतो, हे मी कधीतरी बोलून गेले होते, ते मामाने बरोबर लक्षात ठेवलं होतं. "पेपरात पाय दिसत नाहीत गो," तो म्हणाला. मी शुक्रवार आणि सोमवारची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात "मामांची प्रकृती" असं लिहिलं. ते फारसं खोटं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी सहाला स्वारगेटहून एसटी धरली. पुण्याहून रत्नागिरीला जाणाऱ्यांनी सकाळचीच गाडी घ्यावी, कारण आंबा घाट उजेडात बघण्यासारखा आहे. आणि डाव्या बाजूला बसू नये, ऊन सगळं तिकडूनच येतं. कराडला गाडी अर्धा तास थांबते आणि तिथली मिसळ झेपणाऱ्यानेच खावी. मलकापूरपुढे झाडी दाट होत जाते, घाट उतरला की हवेला ओल येते आणि साखरप्यापासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तांबड्या चिऱ्याचे गडगे, म्हणजे बुटक्या दगडी भिंती, सुरू होतात. आंब्याला मोहोर होता, काही झाडांवर सुपारीएवढ्या कैऱ्याही धरल्या होत्या. साडेतीनला स्टँडवर उतरले. मांडवीला रिक्षावाल्याने पंचवीस रुपये मागितले, मी वीस म्हटलं, शेवटी पंचवीसच दिले.

मामाच्या अंगणात मामाआधी बापू भेटले. बापू सुर्वे हे मामाचे शेजारी, बालमित्र आणि जन्माचे विरोधी पक्षनेते. हयात बोटीवर गेली, एकदा डर्बन बंदरात बोट अडकली असताना त्यांनी तिथली एक शर्यत पाहिली. त्या एका दुपारच्या बळावर ते गेली बारा वर्षं मामाशी वाद घालत आहेत. मामाने विचारलं, सीडी आणलीस का. बापूंनी विचारलं, जेवलीस का. तिसऱ्या क्रमांकावर मामी बाहेर आली आणि तिने माझी पिशवी घेतली.

भारनियमनामुळे सहापर्यंत वीज नव्हती. तेवढ्या वेळात बापूंनी मला उमेदवार समजावून सांगितले. पळणार होते अकरा, पण खरे दावेदार तीन. पहिला टायगर लँटर्न, काळसर तांबडा, सगळ्यांचा लाडका. डिसेंबरमधली सोळाशे मीटरची मोठी शर्यत त्याने हसत हसत मारली होती. शंका एकच, त्याचा बाप कमी अंतराचा राजा होता, तेव्हा हा चोवीसशेला टिकेल का. दुसरा ओल्ड मॅजिस्ट्रेट, करड्या रंगाचा. सुरुवातीला सुस्त, पण अंतर वाढेल तसा हा जागा होतो. सोळाशेला तो तिसरा आला होता आणि रेषा आणखी लांब असती तर पहिला आला असता, असं बापूंचं मत. तिसरी अबोली, घोडी. पंधरा दिवसांपूर्वी तिने फक्त माद्यांची चोवीसशेची शर्यत जिंकली होती, म्हणजे अंतराची चिंता नाही. शिवाय मादीला पाठीवर दीड किलो वजन कमी असतं.

मी अबोली निवडली. का, असं बापूंनी विचारल्यावर मला नाव आवडलं म्हणून सांगितलं. बापूंनी मामाकडे पाहिलं. एवढ्या लांबून भाची बोलावून शेवटी हे ऐकायचं होतं का, असं त्या पाहण्यात होतं.

वीज आली तशी सीडी लागली. मामा खुर्ची ओढून टीव्हीच्या इतका जवळ बसला की आम्हाला त्याचं डोकंच दिसत होतं. आधी अबोलीची शर्यत. मामा म्हणाला, मनाची पक्की आहे, पण मोठ्या घोळक्यात कधी पळलेली नाही. मग सोळाशेची. बापू करड्याच्या बाजूने वकिली करत होते. मामाने शर्यत बघितलीच नाही. त्याला शर्यतीआधीची फेरी बघायची होती, मोतद्दार लगाम धरून घोड्यांना गोल चालवतात ती. टायगर लँटर्नची चाल त्याने तीनदा मागे नेऊन पाहिली. चौथ्यांदा त्याने चष्मा काढून पुसला.

"पुढचा उजवा पाय आखडून टाकतोय," तो म्हणाला.

बापू म्हणाले की त्याच पायाने तो त्या दिवशी चार घोड्यांच्या लांबीएवढ्या अंतराने जिंकलाय. मामीने घावणे आणि कुळथाचं पिठलं वाढलं, मी चार घावणे खाल्ले. मामाने एक.

शनिवारी सकाळी मामा मला जेटीवर घेऊन गेला. मांडवीच्या किनाऱ्याची वाळू काळी आहे, पोहायला सोयीची नाही, पण जेटीच्या टोकाशी उभं राहिलं की एका बाजूला भाट्याची खाडी आणि दुसऱ्या बाजूला भगवती किल्ल्याचा डोंगर दोन्ही दिसतात. जाणाऱ्यांनी सकाळी आठच्या आत जावं. मी हे त्याला सांगत होते आणि तो ऐकत नव्हता. मग त्याने बोलायला सुरुवात केली, समुद्राकडे बघत.

त्याच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी एक घोडी होती, असंच तिचंही मोठ्या शर्यतीसाठी नाव होतं. आदल्या सकाळी पट्टी बांधताना तिच्या पायाला हात लावला तर तो त्याला जरा गरम वाटला. डॉक्टर त्या दिवशी गावाला गेले होते. घोडीला तयार करणारे ट्रेनर मोठे गृहस्थ होते आणि घाईत होते. मामा त्यांच्यापाशी जाऊन उभाही राहिला. मग त्याच्या मनात आलं, आपण पेटी उचलणारा माणूस, आपल्याला काय कळतं, डॉक्टरांनी कालच तपासलंय की. आणि तो पट्टी गुंडाळत परत आला. दुसऱ्या दिवशी शेवटच्या वळणावर तिचा पाय मोडला. तिला कायमचं निजवायला जे करावं लागतं ते होईपर्यंत मामा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

"खरोखर गरम होता की उन्हाने तापला होता, ते मला आजही माहीत नाही," तो म्हणाला. "पण बोललो नाही, हे माहीत आहे."

टीव्हीकडे पाठ का फिरते ते मला तेव्हा कळलं. आमच्या घरातले सगळे विनोद एका रांगेत आठवले आणि प्रत्येकाची लाज वाटली.

मी माझा मोबाईल काढून त्याच्या हातात दिला, मुंबईला कळव म्हटलं. तो म्हणाला, मला ओळखतंय कोण आता. सगळेच गेले किंवा निवृत्त झाले. मग म्हणाला की जुन्या सोबत्याचा मुलगा सखाराम टायगर लँटर्नच्याच पागेत मोतद्दारांचा मुकादम आहे, त्याचा नंबर मामीच्या वहीत असेल, लग्नाची पत्रिका आली होती. जेटीवर रेंजही नव्हती. आम्ही घरी आलो. मामीने वही शोधायला एक मिनिटही घेतलं नाही आणि एक प्रश्नही विचारला नाही.

फोनवर मामाचा आवाज बारीक झाला होता. तीन वेळा त्याने "मी चुकत असेन" म्हटलं. तेवढ्यात बापू आले. नेहमीप्रमाणे टोमणा मारायला तोंड उघडलं आणि मामाचा चेहरा बघून मिटलं. सखारामने सगळं ऐकून घेतलं आणि डॉक्टरांच्या कानावर घालतो म्हणाला.

वाट बघत घरात बसणं अशक्य होतं, म्हणून बापूंनी आम्हाला रिक्षाने थिबा राजाचा राजवाडा दाखवायला नेलं. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं होतं. वाडा लाल, ऐसपैस आणि शांत आहे, तासभर पुरतो. जवळच्या टेकडीवरून खाडीचं दृश्य फुकट आहे आणि जास्त सुंदर आहे. मामाने दोन्ही पाहिली असावीत. त्याने माझा मोबाईल मात्र हातातून सोडला नाही.

चार वाजता सखारामचा फोन आला. डॉक्टरांनी घोडा कडक जमिनीवर चालवला, दुडक्या चालीने पळवला, पाय दाबून पाहिला. काहीही नाही. तो शिंगरू असल्यापासून तो पाय असाच टाकतो, म्हणे. ट्रेनरना थोडा राग आला होता, पण डॉक्टर म्हणाले, सांगणाऱ्याला माझा नमस्कार सांगा.

बापू म्हणाले, सुटलो. मामा मात्र सुटला नव्हता. डॉक्टरही माणूसच असतो, एवढंच तो बोलला, आणि रात्रीच्या जेवणाला नको म्हणून झोपायला गेला.

रविवारी मामीने सुरमई आणली होती. तळलेली सुरमई, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. असलं जेवण खानावळीत साठ-सत्तर रुपयांत मिळतं, पण मामीच्या हातचं मिळत नाही, त्यासाठी मामा लागतो. जेवण झाल्यावर मामाने रोजच्यासारख्या चपला घातल्या. जेटीवर निघाला असं मला वाटलं. तो अंगणापर्यंत गेला, तिथे जरा उभा राहिला, चपला काढल्या आणि आत येऊन खुर्चीत बसला. बापूंनी मला डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं. बारा वर्षांत प्रथमच दोन्ही पंच डर्बी बघायला एका टीव्हीसमोर बसत होते.

मामी स्वयंपाकघरात होती. तिने लग्नानंतर एकही शर्यत पाहिलेली नाही, असं ती अभिमानाने सांगते.

अकरा घोडे सुटले. पडदा लहान, घोडे त्याहून लहान. टायगर लँटर्नच्या जॉकीच्या टोपीचा रंग पिवळा होता, म्हणून तो सापडत होता. मामाने माझं मनगट धरलं होतं. समोरच्या बाजूला पिवळी टोपी तिसरी होती, मोठ्या वळणावर दुसरी. शेवटच्या वळणाशी मामाची पकड इतकी घट्ट झाली की माझी बांगडी रुतली. पिवळी टोपी वळणातून बाहेर आली, सरळ आली, चारही पायांवर आली. समालोचक ओरडत होता, कशाबद्दल ते मला कळलं नाही. रेषा ओलांडून घोडे हळू झाले. कॅमेरा भलतीकडे गेला, परत आला. टायगर लँटर्न मान हलवत, घामाने काळा झालेला, चालत परत येत होता. पुढचा उजवा पाय तसाच आखडून टाकत होता, आणि बाकी काही नव्हतं.

मामाने माझं मनगट सोडलं. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

"चुकलो," तो म्हणाला. "बरं झालं."

थोड्या वेळाने त्याने विचारलं, जिंकलं कोण. मी बापूंकडे पाहिलं. बापूंनी माझ्याकडे पाहिलं. बारा वर्षं वाद घालणारा तो माणूसही सगळा वेळ त्या एका पायाकडेच बघत बसला होता.

"करडा," स्वयंपाकघराच्या दारातून मामी म्हणाली. तिच्या हातात झारा होता. "अर्ध्या मानेने. तुमचा तो वाघ दुसरा आला. अबोली पाचवी."

बापूंचा मॅजिस्ट्रेट डर्बी जिंकला होता आणि त्यांनी तो पाहिला नव्हता. हे दुःख त्यांनी सोमवारी मला स्टँडवर सोडायला आल्यावर, गाडी सुटेपर्यंत, तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं.

परतीच्या एसटीत माझी जागा डाव्या बाजूलाच आली. पुण्यात मंगळवारी शिरीषने विचारलं, म्हाताऱ्याचा अंदाज बरोबर आला का. नाही आला म्हटल्यावर त्याला वाईट वाटलं. एवढा प्रवास फुकट गेला म्हणाला. मी त्याला सुरमईबद्दल सांगितलं, बाकीचं सांगता आलं नाही. इथे लिहायला पंधरवडा लागला, मामाची परवानगी घेऊन. वीस वर्षांपूर्वी तो बोलला असता तर कदाचित तेव्हाही चुकला असता, ट्रेनरने त्याला हाकलून दिलं असतं. पण हाकलला गेलेला माणूस रात्री झोपला असता, असं मला वाटत राहतं. मामा आता झोपतो. दुपारीसुद्धा.

काल मामीचा फोन होता. तिच्या मते मी येऊन घोटाळा करून ठेवलाय. मामा आता कुणालाही काहीही सांगत सुटतो. शेजारच्या गाईच्या खुराबद्दल सांगून आला, एसटीच्या ड्रायव्हरला मागच्या टायरबद्दल सांगून आला, आणि परवा देवळात शाळेच्या जुन्या गुरुजींना सांगितलं, की तुम्ही डावा पाय ओढताय, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

मी विचारलं, मग गुरुजी गेले का.

"गेले," मामी म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलं, चप्पल बदला."