अर्धा धवला

पनवेलजवळच्या नावड्यात लग्न निघालं की आधी धवलारणीला सुपारी द्यायची आणि मग हॉल बघायला जायचं. धवलारीण म्हणजे लग्नातला एकेक विधी गाऊन लावणारी बाई. तिचा धवला झाल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही, मग बाहेर डीजेवाला कितीही कानठळ्या बसवू दे. गावात या कामाला भागीरथी आणि प्रेमला अशा दोघी. पण दोघींचा मिळून धवला एकच! भागीरथीने अर्धी ओळ टाकायची, प्रेमलाने उरलेली अर्धी उचलायची. सगळी उमर यातच गेली. प्रेमलाने कधी कुठल्या धवल्याला सुरुवात केली नाही. गरजच पडली नाही.

मागच्या वर्षी भागीरथी गेली. आणि आता तिच्याच नातीचं, जागृतीचं, लग्न ठरलं.

जागृती सुपारी घेऊन आली आणि प्रेमलाच्या पाया पडली. "प्रेमलाआजी, माझ्या आजीचा धवला तुम्हीच म्हणायचा."

"म्हनते गो बाय," असं प्रेमला बोलून बसली खरी, पण पोरगी जिना उतरली आणि ही ओळी आठवायला बसली. उत्तराच्या ओळी सगळ्या ओठांवर होत्या. पहिली अर्धी मात्र एक आठवेल तर शपथ! त्या आयुष्यभर भागीरथीच्या तोंडून ऐकल्या होत्या, स्वतः कधी सांभाळल्याच नव्हत्या. आता भागीरथीच्या नातीला धवल्याविनाच हळद लागणार की काय, या विचाराने तिला जेवण जाईना.

शेवटी तिने सुनेला, ऋताला, सांगितलं. ऋता मूळची सांगलीकडची, तळोज्याच्या एका कंपनीत नोकरीला. ती म्हणाली, "आई, आमच्या लग्नाच्या सीडीत दोघी गाताय ना तुम्ही. आणि नवीन टीव्ही कशाला घेतलाय मग?"

पण नवीन टीव्हीचे नखरे काय थोडे असतात? सीडी लावायच्या जुन्या मशीनला लाल, पांढरी, पिवळी अशी तीन पिनांची वायर, आणि या टीव्हीला तसलं भोकच नाही. दोन एचडीएमआय होते, त्यातलं एक सेटटॉप बॉक्सने धरलेलं आणि दुसरं साऊंडबारने. ऋताने पनवेलच्या दुकानातून एक कन्व्हर्टर आणला, एका भोकात तीन वायरी घेणारी डबी आणली, आणि ऑफिसला सुट्टी टाकून टीव्हीच्या मागे मान घालून बसली. मागे जाळी झाली होती, ती आधी झाडली. प्रेमला शेजारी बॅटरी धरून उभी. "बघ हां, शॉक बसल," असं ती दर वायरीला म्हणत होती.

आवाजाची पंचाईत वेगळीच. प्रेमलाला कानांनी कमी ऐकू यायचं आणि ऋताचा नवरा, तेजस, रात्रपाळी करून दुपारी झोपायचा. म्हणून ऋताने टीव्हीला ब्लूटूथवरून हेडफोन जोडला आणि सासूच्या अंबाड्यावरून अलगद बसवून दिला.

आणि मग काय सांगावं! कानात आधी वाजंत्री आली, मग बायकांची कुजबुज, बांगड्या, कुणाचं तरी रडणारं पोर. पडद्यावर जुनं अंगण होतं, जिथे आता बिल्डिंगचं पार्किंग आहे. आणि अगदी कानाशी, गालाला गाल लागावा इतक्या जवळ, भागीरथी खाकरली.

"हलद दलाया कोन गो बसली..."

"बसली करवल्यांची जोरी," प्रेमला गाऊन मोकळी झाली. डोळ्यांतून पाणी कधी सुटलं तिचं तिला कळलं नाही.

त्या दिवसापासून दुपार झाली की तिची तंद्री लागायची. पडदे ओढलेले, पंखा फिरतोय, खोलीत अर्धवट उजेड, आणि ही हेडफोन लावून पाटावर मांडी घालून. सोफा होता की! पण धवला म्हणायला वर कसं बसणार? मग भिंती दूर दूर जायच्या, शेणाने सारवलेल्या अंगणाचा वास यायचा, ओल्या हळदीने हात पिवळे झालेत असं वाटायचं. पडद्यावरच्या प्रेमलाचे केस काळेभोर होते, तिच्याकडे ती फारशी बघायची नाही. तिचं सगळं ध्यान भागीरथीकडे. मध्येच म्हणायची, "थांब गो, पानी पिते," आणि भागीरथी न थांबता पुढे गेली की तिच्यावर रागवायची.

ऋताने संध्याकाळची पाळी मागून घेतली होती. दुपारी ती शेजारी भाजी निवडत बसायची. सीडी आपणहून लावून बघितली होती तिने, पण बँडच्या गोंगाटात या बोलीतलं तिला काही उमगलं नाही. म्हणून प्रेमला मोठमोठ्याने, अगदी साग्रसंगीत शिकवायची. पहिली बाजू सुनेने धरली की दुसरी आपली, असं तिने मनात पक्कं केलं होतं. हळद जवळ आली तेव्हा एका दुपारी तिने हेडफोन उतरवला. "चल, आता तू सुरू कर. एवरा ऐकलास, तोंडपाठ झाला असल."

ऋता गांगरली. "आई, मला सुरुवात कुठे येते? मला तर फक्त तुमचं उत्तर ऐकू येतं."

"म्हंजे? भागीरथी एवऱ्या जोरान गाते ती?"

"हेडफोन लागला की टीव्हीचा आवाज बंद होतो हो. ती फक्त तुमच्याच कानात गाते."

प्रेमलाने हातातला हेडफोन उलटसुलट करून बघितला. तिला वाटलं होतं, आपल्या कानात येतंय म्हणजे सगळ्या घरात घुमतंय. दुसरीने गायचं तर पहिली सगळ्यांना ऐकू आलीच पाहिजे, नाहीतर तो धवला कसला? आणि इतके दिवस घरात नुसती उत्तरंच घुमत होती, प्रश्नाचा पत्ता नाही. सून मुकाट्याने अर्धं गाणं ऐकत बसली होती. प्रेमलाला हसू आलं, आणि मग भडभडून रडायला आलं. "म्हंजे ती इथं नवतीच," ती म्हणाली.

टीव्ही एका वेळी एकच ब्लूटूथ घेत होता. ऋताने दोन हेडफोनला एकदम आवाज पुरवणारी डबी आणून टीव्हीच्या ऑडिओच्या भोकात खोचली, आणि दुसरा हेडफोन आपल्या कानाला लावला. मग सासू-सून मांडीला मांडी लावून बसल्या. भागीरथी दोघींच्या कानात गायली. ऋताने आपलीच हळद पहिल्यांदा नीट ऐकली. त्या दिवशी आपण मान खाली घालून मोबाइलला हळद लागेल या काळजीत होतो, आणि डोक्यावर हे चाललं होतं! तिलाही भरून आलं. झोपेतून उठलेला तेजस दारात आला, दोघींना हेडफोन लावून रडताना बघितलं आणि चहा मागायला आलेला तसाच मागे गेला.

जागृतीच्या हळदीला डीजे बंद झाला. बायका पाटाभोवती बसल्या. ऋताने तोंड उघडलं आणि समोर सगळं गाव बघून तिचा आवाजच बसला. ओळ पाठ होती, फुटेना. बायका थांबल्या. जागृती पाटावर मान खाली घालून बसली होती, तिचे खांदे हलायला लागले.

प्रेमला वाट बघत होती. जन्माची सवय ती, पहिलीने टाकल्याशिवाय उचलायचं नाही. तिने डाव्या बाजूला बघितलं, जिथे भागीरथी बसायची. तिथे सून होती, घामाघूम. आपण सुरुवात केली तर भागीरथी नाही हे आपल्याच तोंडाने सांगितल्यासारखं होईल, म्हणून आपण वर्षभर त्या ओळी आठवू दिल्या नाहीत, हे तिला त्या क्षणी कळलं. तिने जागृतीच्या पाठीवर हात ठेवला.

"हलद दलाया कोन गो बसली..."

आवाज कापला, पण ओळ पुरी गेली. मग ती थांबली. ऋता तिच्या कानाशी वाकली आणि उत्तर आलं, सांगलीच्या हेलात, पण सुरात, "बसली करवल्यांची जोरी."

प्रेमलाने डोळे पुसले. "माजी भागीरथी गेली गो," असं ती सगळ्यांसमोर पहिल्यांदा म्हणाली, आणि पुढची ओळ तिनेच टाकली.