भात की धान

साताऱ्याकडून नोकरीसाठी लाखनीजवळच्या एका गावात आले, तेव्हा माझी मराठी शुद्ध होती आणि डोकं तापट. दोन्हींचा मला अभिमान होता.

पहिल्याच महिन्यात डाऊन सिंड्रोम असलेली सात वर्षांची एक मुलगी आईबरोबर शाळेत आली. घराजवळच्या याच शाळेत तिनं शिकावं, एवढंच आईचं म्हणणं. मुख्याध्यापक मला म्हणाले, "मॅडम, जरा पाहून घ्या. जमत असंल तं ठेवू, नाही तं भंडाऱ्याच्या खास शाळेत पाठवू." म्हणजे वसतिगृहात. आईचा चेहरा एवढासा झाला.

मी दहा चित्रकार्डं काढली; पाच चुकली की नापास, असं मनाशी ठरवलं. मुलगी प्रत्येक चित्र निरखून बघायची, मग सावकाश, जड जिभेनं नाव सांगायची. गाय, सायकल बरोबर. पेरूला ती "जांब" म्हणाली. मी फुली मारली. तळ्याला "बोडी" म्हणाली. फुली. भाताच्या शेतावर बोट ठेवून "धान" म्हणाली. तिसरी फुली मारून मी मोठ्या मनानं शिकवायला गेले, "बाळा, हा भात."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग आईला म्हणाली, "म्याडमले समजत नाही." आणि माझ्याकडे वळून, एकेक शब्द सुटा करत, "भात डब्यात रायते. वावरात धान रायते."

आईनं घाबरून तिचा हात दाबला. मी तणतणत उठले आणि शेजारच्या पहिलीच्या वर्गासमोर तीच कार्डं धरली. पोरं एका सुरात म्हणाली, जांब, बोडी, धान. माझ्या हिशेबानं अख्खा वर्ग नापास. मला हसू फुटलं, आणि पाठोपाठ लाज वाटली. चुकणार ती हीच, हे मी तिला बघताक्षणीच ठरवून टाकलं होतं. आणखी दोन फुल्या मारल्या असत्या, तर माझ्या सहीनं ती घरापासून तुटली असती.

परत आले तर या छोट्या बाईसाहेब माझ्या खुर्चीत ऐटीत बसलेल्या. उठवायची माझी हिंमत झाली नाही.

उभ्यानंच फुल्या खोडून मी शेरा लिहिला: "मुलगी याच शाळेत, पहिलीत शिकेल. शिक्षिकेला शिकवणीची गरज आहे." मुख्याध्यापकांनी हसत दुसरं वाक्य खोडलं, पहिल्याखाली सही केली आणि आईला म्हणाले, "उद्यापासून पाठवा हिले."

आईनं दोनदा विचारलं, "इथंच न, सर?"

"इथंच."