लीलाबाईंचं चॅलेंज

कडेगावच्या लीलाबाईंशी पत्ते खेळायला बसायचं म्हणजे हौसेनं फजिती करून घ्यायची. खेळ तसा साधा. पानं पालथी टाकायची आणि "दोन राण्या" म्हणून ठणकावून सांगायचं, हातात राण्या असोत नसोत. कुणाला थाप वाटली तर त्यानं "चॅलेंज" म्हणायचं. थाप निघाली तर टाकणाऱ्यानं सगळा ढीग उचलायचा, खरं निघालं तर चॅलेंजवाल्यानं. ज्याचा हात आधी मोकळा होईल तो जिंकला. लीलाबाईंचे यजमान आकाराम सुभेदार यांनी हा खेळ पलटणीतून घरी आणला, आणि तेव्हापासून बायकोपुढं ते एकदाही जिंकले नाहीत.

लीलाबाई तोंडाकडं बघतच नसत. सगळा जन्म म्हशींची धार काढण्यात गेला, आणि म्हैस लाथ झाडणार हे आधी तिचा पाय सांगतो. घरच्या बाप-लेकांचंही तसंच होतं. मांडी घालून थाप मारली की त्यांच्या पायाचा अंगठा आत वळायचा. हे आपलं गुपित कुणालाच ठाऊक नाही, अशी बाईंची पक्की समजूत होती.

लेक विश्वजीतही फौजेत. त्याची सुट्टी संपली की निघायच्या दिवशी जेवणं आटोपून सोप्यात सतरंजी पसरायची, एक डाव खेळायचा, हरेल त्यानं चहा करायचा आणि मग विश्वजीतनं गाडी धरायची, हा घरचा रिवाज. चहा दर खेपेला विश्वजीतच करायचा.

परवाही डाव मांडला. पानं लावता लावता लीलाबाईंनी विचारलं, "आता कुठं धाडत्यात रं तुला?"

"पुण्यालाच हाय, आई. हापिसातलं काम."

बाईंची नजर सवयीनं खाली गेली. अंगठा आत. शेजारी सुभेदार पानांत डोकं खुपसून बसले होते. त्यांचाही अंगठा आत.

बाईंनी ओळखलं. पुणं नव्हे, वर सरहद्दीवर कुठंतरी. खोदून विचारलं असतं तर पोरगं खरं बोललं असतं, पण मग आईचं रडकं तोंड डोळ्यांपुढं घेऊन गेलं असतं. तिथं त्याचं ध्यान कामावर असायला हवं, हे फौजीच्या बायकोला कुणी सांगावं लागत नाही. त्यांनी पुढचं पान टाकलं.

विश्वजीतच्या हातात शेवटचं पान उरलं. ते पालथं टाकून तो म्हणाला, "एक एक्का."

"आई, बघतीस काय? चॅलेंज दे की," धाकटी शिवांजली म्हणाली.

"पास," लीलाबाई म्हणाल्या. सुभेदारही पास म्हणाले, आणि आई सोडतेय म्हणजे खरंच असणार म्हणून शिवांजलीनंही सोडलं. विश्वजीत जन्मात पहिल्यांदा जिंकला.

शिवांजली पानं गोळा करायला लागली. आईच्या हातातली पानं घेतली आणि थबकली. "अगं, चारी एक्के तुझ्यापाशीच हायत की."

विश्वजीतनं आईकडं बघितलं. मग जिंकला असूनही तो उठला आणि आत जाऊन चहा ठेवला. आतूनच म्हणाला, "आई, तिकडं थंडी लय असती."

"पुण्याला?"

"न्हाई."

"म्हाईत हाय. आलं जादा घाल. आन् जा बिनघोर, मला न्हाई काळजी-बिळजी."

आवाज अगदी खणखणीत होता. सुभेदारांनी हळूच सतरंजीकडं बघितलं. बाईंच्या पायाचा अंगठा पार आत वळला होता.

"पास," सुभेदार हलकेच म्हणाले.

लीलाबाईंनी झटक्यात पाय लुगड्याखाली ओढला. "आवं, कवापास्नं म्हाईत हाय तुमास्नी?"

"पयल्या डावापास्नं."

"मग आज अंगठा कशापायी वळू दिला? त्यानंच मला कळलं की."

सुभेदारांनी आत एकदा नजर टाकली. "पोराला शबूद दिला हुता," ते म्हणाले. "तोंडानं सांगता येत न्हवतं."