आवाज न करणारा कॅमेरा

चष्मेवाल्यांनी आयुष्यभर लोकांचे चेहरे वीतभर अंतरावरून पाहिले होते. गिऱ्हाईक समोरच्या स्टुलावर बसलं की ते फ्रेम त्याच्या नाकावर ठेवायचे, मागे सरून एक डोळा बारीक करायचे, मग काडी गरम करून हलकेच वाकवायचे. फ्रेम तिरकी बसते अशी तक्रार कुणी घेऊन आलं की म्हणायचे, "फ्रेम सरळच आहे हो. तुमचा एक कान वर आहे." गिऱ्हाईक दचकून आरशात बघायचं. "घाबरू नका, सगळ्यांचाच असतो. घाईघाईत बसवलेत कान."

त्यामुळे बाईंचा चेहरा डावीकडून उतरला तेव्हा चष्मेवाल्यांना बसायला हवा होता तेवढा धक्का बसला नाही. बाईंना नेमकं तेच लागलं.

बाई म्हणजे त्यांची बायको. बालवाडीत शिकवायच्या म्हणून सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची, आणि चष्मेवालेही घरात थट्टेनं तेच म्हणत. एका सकाळी चूळ भरताना तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी आपोआप गळलं. चेहऱ्याची नस सुजलीय, असं डॉक्टरांनी सांगितलं. बहुतेकांचं काही महिन्यांत पूर्ववत होतं, काहींचं थोडं राहून जातं. बाईंचं राहून गेलं. डावा डोळा पुरता मिटेना, ओठाचा कोपरा वर येईना. हसल्या की अर्धाच चेहरा हसायचा आणि उरलेला अर्धा त्याच्याकडे परक्यासारखा बघत राहायचा.

त्या कामावर परत गेल्या होत्या. पण एके दिवशी एक चिमुरडी उभी राहून कविता म्हणायला लागली, आणि म्हणताना तिनं ओठ डावीकडे खाली ओढून धरले. ती चिडवत नव्हती. कविता अशीच म्हणायची असते, असं तिला वाटलं होतं. बाईंनी तशी शिकवली होती ना. बाईंनी तिला शाबासकी दिली, घरी आल्या आणि पुन्हा गेल्या नाहीत.

फोटो हा चष्मेवाल्यांचा जुना नाद. लग्नाकार्यातले नव्हेत. मोडलेली छत्री, दुकानाच्या काचेवरचे बोटांचे ठसे, पायरीवर झोपलेलं मांजर, आणि या सगळ्याच्या अधेमधे बाई: भाजी निवडताना, सुईत दोरा ओवताना, नवऱ्यावर वैतागताना. कॅमेरा जुना, आत आरसा असलेला. प्रत्येक फोटोला तो आरसा वर आपटायचा, खटाक्. आजारानंतर तो आवाज आला की बाईंचा तळहात गालावर जायचा. पुढे पुढे कॅमेरा कपाटातून निघताना दिसला तरी त्या उठून आतल्या खोलीत जाऊ लागल्या.

"अगं, मी रोज बघतोच की तुला," एकदा ते म्हणाले. बघतच होते. रोज निजण्यापूर्वी बाईंच्या न मिटणाऱ्या डोळ्यात थेंब घालायचं काम त्यांचंच होतं.

"तुम्ही बघता आणि विसरता," बाई म्हणाल्या. "तो धरून ठेवतो."

कॅमेरा कपाटात गेला.

लेक दूर देशी होती. फोनवर चेहरा दाखवायची वेळ आली की बाई फोन छताकडे करून बोलायच्या. "आई, मी पंख्याशी बोलतेय का?" लेक हसायची, मग हसणं थांबायचं. चष्मेवाल्यांना एकटं गाठून म्हणायची, "बाबा, एक फोटो पाठवा ना. आजारपणानंतर मी आईला पाहिलेलंच नाही." आणि चष्मेवाल्यांच्या ध्यानात यायचं की लेकीनंच काय, फोटोत तर कुणीच पाहिलेलं नाही. फोटोंच्या पेटीत बाई एका उन्हाळ्यापर्यंत होत्या आणि तिथून पुढे नुसती मांजरं होती.

आवाज न करणारा कॅमेरा असतो, हे त्यांना एका गिऱ्हाइकाकडून कळलं. आत आरसाच नसतो, मग आपटणार काय?

कॅमेऱ्यांच्या दुकानात ते किती वेळा गेले असतील! दुकानदार तरुण, बोलका. कॅमेऱ्याची एकेक बॉडी काचेवर मांडून तो तिची कुंडली सांगायचा: हिचा सेन्सर मोठा, ही हात हलला तरी सांभाळून घेते, ही धुळीला दाद देत नाही. चष्मेवाले सगळं ऐकून घ्यायचे आणि एकच विचारायचे, "आवाज बंद करून दाखवा." मग कॅमेरा कानाशी धरून बटण दाबायचे.

"काका, कॅमेरा घेताय की कलिंगड?" दुकानदार म्हणाला.

"कलिंगड वाजलं तर चांगलं. हा वाजला तर वाईट."

"वाघाचे फोटो काढणार का? मग ही मोठी झूम घ्या. पार डोंगरापलीकडचा वाघ जवळ येतो."

"माझा वाघ जवळच असतो. घर दोन खोल्यांचं आहे."

दुकानदार हसला. चष्मेवालेही हसले, पण कशासाठी हवाय ते त्यांनी सांगितलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. या वेळी मात्र लपवलं.

लेन्सवर त्यांचं फार दिवस अडलं. लांबची घेतली तर आतल्या खोलीतून फोटो निघेल, पण ती एवढी भोंग्यासारखी की आधी तीच दिसायची. रुंद घेतली तर जवळच्या माणसाचं नाक मोठं येतं आणि कान मागे पळतात; चेहऱ्याला आधीच झालंय ते पुरे होतं. शेवटी त्यांनी पन्नास मिलिमीटरची एक छोटी लेन्स निवडली. मधली, साधी, डोळ्याला दिसतं जवळपास तसं दाखवणारी, आणि आतलं छिद्र मोठं उघडत असल्यानं कमी उजेडातही चालणारी. बॉडी त्यांनी दुकानातली सगळ्यांत लहान घेतली. तिचा पडदा बाहेर उघडून वर वळायचा, म्हणजे कॅमेरा मांडीवर ठेवून खाली बघत फोटो काढता यायचा. डोळ्याला लावायची गरजच नव्हती.

"दुकानासाठी घेतलाय," घरी त्यांनी सांगितलं. "फ्रेमचे फोटो काढायला."

"बरं," बाई म्हणाल्या.

पहिले दोन-तीन दिवस चष्मेवाले स्वर्गात होते. बाई खिडकीशी बसून शिवणटिपण करायच्या आणि समोर बसून ते मांडीवरच्या कॅमेऱ्याशी चाळा केल्यासारखं करत बटण दाबायचे. काही वाजायचं नाही. पडद्यावर बाई यायच्या, सबंध, समोरून. एकात त्या दोऱ्याची गाठ दातांनी तोडत होत्या, तोंड वाकडं, एक डोळा अर्धा उघडा, आणि तरी बाईच, सगळ्याच्या सगळ्या.

एक अडचण निघाली. आवाज बंद ठेवला की ट्यूबलाइटखाली फोटोत काळे पट्टे उठत. म्हणून संध्याकाळी बाई दिवा लावायला उठल्या की ते म्हणायचे, "राहू दे गं थोडा वेळ. डोळ्यांना बरं वाटतं." बाई बसून राहायच्या. खिडकीतला उजेड विझत जायचा आणि चष्मेवाले बटण दाबत राहायचे. बऱ्याच दिवसांनी ते पुन्हा शीळ घालायला लागले होते.

त्याच सुमारास बाईंची मान दुखायला लागली. चष्मेवाल्यांनी उशी बदलली. मग उशी काढूनच टाकली. रोज रात्री ते मानेला मलम चोळून द्यायचे, आणि उजव्या खांद्यापासून कानापर्यंत एक शीर दोरीसारखी ताठलेली त्यांच्या बोटांना लागायची. "वयाचं असतं," बाई म्हणायच्या. जेवायची जागाही त्यांनी बदलून घेतली. जुन्या जागेवर वारा लागतो म्हणाल्या.

पुरेसे फोटो झाले तेव्हा चष्मेवाल्यांनी निवडून काही लेकीला पाठवले. तिचा लगेच फोन आला. रडत होती, हसत होती.

"बाबा, काय घाबरवलंत तुम्ही मला! आईला तर काहीच झालेलं नाही. होती तशीच आहे." मग जरा थांबून म्हणाली, "पण सगळ्या फोटोत एकाच बाजूनं का बसलीय?"

"खिडकी तिकडे आहे ना," चष्मेवाले म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी सगळे फोटो पहिल्यापासून उघडले. सुरुवातीचे समोरचे होते, गाठ तोडतानाचा, जांभई देतानाचा. मग एका संध्याकाळचा आला, आणि त्यात बाईंच्या डाव्या गालावर नारिंगी उजेडाचा एक ठिपका होता. त्यापुढचा एकही समोरून नव्हता. भाजी निवडताना, जेवताना, काहीही करताना बाईंची मान डावीकडे वळलेली आणि चांगली बाजू तेवढी कॅमेऱ्याकडे. अगदी टोपलीत बघतानासुद्धा.

ठिपका कसला, हे कळायला त्यांना वेळ लागला नाही. कॅमेरा आरशासमोर धरला, खोलीतला दिवा मालवला आणि बटण अर्धं दाबलं. पुढच्या बाजूला लेन्सशेजारी एक बारीक नारिंगी दिवा लागला. अंधारात नीट फोकस साधावा म्हणून तो लागत होता. दुकानात उजेड भरपूर, तिथे कधी लागलाच नव्हता. आणि मागून बघणाऱ्याला तो दिसायचा नाही. मांजर डोळे मिटून दूध प्यायलं होतं.

त्या रात्री मलम चोळताना ते म्हणाले, "दिवा दिसायचा तुला."

"हो."

"बोलली का नाहीस?"

"शीळ घालत होतात तुम्ही." बाईंनी मान थोडी खाली केली, म्हणजे त्यांचा हात नीट पोचावा. "म्हटलं, काढू देत. आपण जरा तिकडे बघितलं की झालं."

"अगं, पण एवढी मान आखडेपर्यंत?"

"मग काय करणार? जुन्याचं बरं होतं. आवाज झाला की कळायचं, झालं, संपलं. याचं संपलेलं कळतच नाही. मग दिवसभर तशीच बसायचे. तुम्ही घरात असेपर्यंत."

चष्मेवाल्यांचा हात थांबला. मलमाचा वास नाकात चढत होता.

"लेकीला पाठवलेत?"

"पाठवले."

"समोरून आलेला एखादा आहे का त्यात?"

खरं तर समोरचे चांगले पाच-सहा होते. त्यांच्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. पण निवडायला बसले तेव्हा चष्मेवाल्यांचं बोट दर वेळी त्यांच्यावरून पुढे गेलं होतं. याचा उजेड नीट नाही, तो हललाय, असं काही तरी मनाशी म्हणत त्यांनी एकेक बाजूला ठेवला होता. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"अहो, मी विचारलं काही."

"नाही," ते म्हणाले. "त्यात नाही."

बाईंनी गळ्याशी कपडा ओढून घेतला, डोळ्यात थेंब घालून घेतले आणि निजल्या.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्यांनी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन तो दिवा बंद केला आणि आवाज सुरू केला. आवाज खोटा होता. आत काही आपटत नव्हतं, एका इवल्या स्पीकरमधून नुसतं खट् वाजायचं, खेळण्यासारखं. समोरचे फोटो पाठवावेत का, हे विचारायचा त्यांना धीर झाला नाही, आणि न विचारता पाठवण्याचा हक्क आता उरला नव्हता.

संध्याकाळी ते दुकानातून आले तेव्हा बाई खिडकीशी बसल्या होत्या. चप्पल काढल्याचा आवाज होताच त्यांची मान डावीकडे वळली, सवयीनं, शिवणावरची नजर न हलवता. चष्मेवाले दारातच थांबले. "मी काढत नाही आता" असं त्यांनी सकाळी दोनदा सांगून पाहिलं होतं. बाई "बरं" म्हणाल्या होत्या, दोन्ही वेळा.

ते आतल्या खोलीत गेले. कॅमेरा काढला, आणि झाकण असतानाही बटण चालावं म्हणून फोकस आपोआपऐवजी हातानं करण्यावर ठेवला. लेन्सचं झाकण तसंच घट्ट राहू दिलं आणि बटण दाबलं.

खट्.

दारातून त्यांना बाईंची पाठ दिसत होती. आधी खांदे खाली आले. मग हळूहळू, गंजलेली खिडकी उघडावी तशी, मान सरळ झाली. बाई आता समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा इथून दिसत नव्हता.

हातातल्या पडद्यावर काळा फोटो आला होता. चष्मेवाल्यांनी तो पुसला नाही. दिवा लावायची वेळ झाली होती, पण कुणीच उठलं नाही.